मोठा चिरा की छोटा : माझं झडपेचं ऑपरेशन

लहानपणी सांधे धरून ताप आला होता, एवढंच आई सांगायची. त्या तापाने हृदयाची झडप खराब केली हे चाळिशीत कळलं, कापूस वेचताना दम लागायला लागला तेव्हा. यवतमाळला टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी केली. मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली, आखडलेली, वरून गळतीही. म्हणजे फुग्याने उघडता येणार नाही, बदलावीच लागेल.

नागपूरला दोन ठिकाणी दाखवलं. एके ठिकाणी उजव्या बरगड्यांमधून छोट्या चिऱ्याने करू म्हणाले, पण तो दवाखाना महात्मा फुले योजनेत नव्हता. दुसरीकडे केशरी कार्डावर होत होतं, पण छातीचं मधलं हाड कापून. भाऊ म्हणे, "कर्ज काढू, पन हाड नोको कापू देऊ." मी सर्जनला विचारलं, आतलं काम वेगळं असतं का? ते म्हणाले, नाही. हृदय थांबवणं, तेवढा वेळ हृदय-फुफ्फुसाचं काम करणाऱ्या मशीनवर घेणं दोन्हीत सारखंच. छोट्या चिऱ्यात मशीनच्या नळ्या जांघेतून घालतात आणि वेळ जास्त लागतो.

भाचा फार्मसी शिकतो. त्याने ब्रिटनमधला 2023 साली छापून आलेला अभ्यास दाखवला. 330 रुग्ण, मायट्रल झडपेची दुरुस्ती, अर्ध्यांना मोठा चिरा, अर्ध्यांना छोटा. छोट्या चिऱ्याचे साधारण एक दिवस आधी घरी गेले. सहाव्या आठवड्याला त्यांची हालचाल आणि झोप बरी होती. बाराव्या आठवड्याला मात्र दोन्ही गट कामाला सारखेच. त्यांची झडप दुरुस्त केलेली, माझी बदलायची. पण हाड तर हाडच.

बारा आठवडे! मग हिशोब सोपा झाला. तूर निघाल्यावर, फेब्रुवारीत केलं तर मिरगाच्या पेरणीपर्यंत हाड भरतं. हेच ऑपरेशन निंदणाच्या दिवसांत आलं असतं तर मी भावाला कर्ज काढू दिलं असतं, खरं सांगते.

ते आठवडे सोपे नव्हते. हाड तारांनी बांधलेलं, त्यामुळे हात टेकून उठायचं नाही. आपल्याकडच्या संडासात हात न टेकता उठून दाखवा! मुलाने खुर्चीचा कमोड आणला. हापशी, बादली, भाकरी थापणं बंद. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची. कुशीवर झोपायचं नाही, म्हणून वैशाखात कूलरसमोर रात्रभर उताणी. आणि एक गोष्ट वॉर्डातल्या एका मावशीने सांगितली, दुसरं कोणी बोललंच नाही : बाईच्या छातीचं वजन टाक्यांना ओढतं. समोरून उघडणारी, मऊ, तार नसलेली ब्रा रात्रंदिवस घालायची. दुखणं निम्म्यावर आलं.

शेजारच्या गावचे एक गुरुजी तालुक्याच्या लॅबमध्ये भेटतात. त्यांचा छोटा चिरा, झडप माझ्यासारखीच धातूची. मला दोघी धरून उठवत होत्या तेव्हा ते मोटरसायकलवर शाळेत जात होते. हेवा वाटायचा. पण ते म्हणतात, "बाई, बरगडीत करंट मारते अजून." जांघही बधिर आहे म्हणे. माझ्या हाडाला आता काही जाणवत नाही, थंडीत थोडं ठणकतं तेवढंच.

आता आम्हा दोघांचं जगणं चिऱ्यावर नाही, गोळीवर चालतं. रक्त पातळ करायची गोळी जन्मभर, आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा तपासणीचा आकडा, 2.5 ते 3.5 च्या मधे हवा. अंबाडी, चवळाई सोडायची नाही, पण एक दिवस ताटभर आणि मग आठवडाभर काहीच नाही, असंही नाही. नाहीतर आकडा हलतो. कमी झाला तर झडपेवर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव.

यंदा वेचा मी केला. विळ्याचं काम तेवढं जाऊबाईंनी स्वतःकडे घेतलं. हात कापला तर माझं रक्त लवकर थांबत नाही.