खारघरला गेलो आणि कंबर सापडली

ठाण्याच्या 9-10 नंबरच्या फलाटावर गोल्फची बॅग घेऊन उभं राहायला निर्लज्जपणा लागतो. "तंबोरा आहे का?" असं एका आजींनी विचारलं. मी हो म्हणालो. खरं सांगितलं असतं तर पुढचे प्रश्न आले असते, आणि पनवेल लोकलमध्ये ऐरोलीपर्यंत मला एक पायही धड टेकता आला नव्हता. बेलापूरला उतरलो, 2023 च्या नोव्हेंबरात सुरू झालेली मेट्रो धरली आणि सेंट्रल पार्कला उतरलो. मेट्रो गार, रिकामी, झकास. बाहेर तीन रिक्षावाल्यांनी बॅगेकडे बघून माना फिरवल्या. शेवटी चालत निघालो.

सप्टेंबर होता. खारघरचे डोंगर नुसते हिरवेगार, आणि पांडवकड्याच्या धबधब्याच्या बाजूला ढग असे लोंबत होते की कुणीतरी गोधड्या वाळत घातल्यात. त्या डोंगरांच्या पायथ्याशी सिडकोचं गोल्फ कोर्स आहे. मित्राने मोठ्या मनाने बोलावलं होतं. तो स्वतः ऐन वेळी आला नाही, त्याच्या घरी पाहुणे आले म्हणे. असो.

आता थोडी पार्श्वभूमी. गेलं वर्षभर मी घोडबंदर रोडला एका जाळीत बॉल मारायला शिकतोय. सरांचा एकच धोशा, "बॉडी फिरवा." मी फिरवायचो. क्लब, म्हणजे गोल्फची काठी, वर नेताना खांदे इतके वळायचे की हनुवटी खांद्याला घासायची. तरी बॉल कधी डावीकडे पळायचा, तर कधी क्लब आधी मातीत रुतायचा आणि मनगटांना झिणझिण्या यायच्या. जाळीत हे सगळं झाकून जातं, कारण बॉल दहा फुटांवर थांबतो आणि आपण मनात त्याला पुढचे शंभर यार्ड देऊन टाकतो. उघड्यावर ती सोय नाही. होल म्हणजे बॉल ठेवतो तिथपासून झेंड्याच्या खड्ड्यापर्यंतचा एक टप्पा; पहिल्या चार होलांत माझे पाच बॉल झाडीत गेले. एक तर इतका तिरका गेला की शेजारच्या होलवर खेळणाऱ्या गृहस्थांनी छत्री उघडली.

बॅग उचलायला जो मुलगा होता तो जवळच्याच गावचा, आगरी. वय बावीस-तेवीस. चार होल त्याने तोंडातून शब्द काढला नाही. पाचव्याला, मी सात नंबरचं आयर्न, म्हणजे लोखंडी तोंडाचा क्लब, हातात घेऊन उभा असताना, अगदी हळू म्हणाला, "काका, राग नको मानू. बॉलजवल आला का तुमी थांबता."

मला राग आला. वर्षभराची फी डोळ्यांसमोर आली.

"थांबतो म्हणजे? क्लब तर जातोय पुढे."

"क्लब जातो. तुमी थांबता. कंबर थांबते, मंग हातच मारतात."

मग त्याने बॅग खाली ठेवली आणि खाडीत पाग फेकतात तसं मोकळ्या हातांनीच करून दाखवलं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो, पाग म्हणजे कडेला शिशाचे मणी लावलेलं गोल जाळं. ते दोन्ही हातांवर आणि खांद्यावर घेऊन माणूस उजवीकडे वळतो आणि मग कमरेपासून डावीकडे फिरत सोडतो. जाळं हवेत ताटासारखं उघडतं. "फिरता फिरता मधीच थांबलो," तो म्हणाला, "तर पाग उघडत नाय, गठुडंच पानीत पडतं." आणि खरंच अर्ध्यात थांबून दाखवलं. त्याचे रिकामे हात एकमेकांवर आपटले. माझे मनगट जसे बॉलपाशी उलटतात, हुबेहूब तसे.

हे सगळं मी वाचलेलं होतं, हीच माझी लाज. क्लब आणि बॉल एकमेकांना चिकटून असतात ते सेकंदाचा जेमतेम दोन हजारावा भाग. त्या क्षणी चांगल्या खेळाडूची कंबर बॉल ठेवताना होती तशी सरळ नसते, ती तीस-चाळीस अंश निशाणाकडे उघडलेली असते. खांदे त्याहून कमी. हात बॉलच्या पुढे, वजन डाव्या पायावर. कंबर फिरत राहिली की क्लब बॉलला आधी भेटतो आणि मातीचा ढलपा बॉलच्या पुढे निघतो. कंबर थबकली की हातांना थांबता येत नाही, ते पुढे झेपावतात, मनगट उलटतं, क्लबचं तोंड बंद होतं, म्हणजे डावीकडे वळतं. माझं आणखी एक दुखणं होतं: फिरायच्या ऐवजी मी बूड बॉलकडे ढकलून ताठ व्हायचो, मग हातांना जायला जागाच उरायची नाही.

आणि थांबायचो का? तर "मान खाली, बॉलवर नजर". शिवाजी पार्कच्या नेटमध्ये लहानपणी कानात भरलेलं. स्वीडनची नामांकित गोल्फपटू आनिका सोरेनस्टॅम, तिची नजर तर क्लब बॉलला लागायच्या आधीच पुढे वळायला लागायची, आणि तिने 2001 मध्ये एक फेरी, म्हणजे 18 होल, फक्त 59 फटक्यांत संपवली. मी मात्र मान इतकी खाली रोवायचो की तिच्याबरोबर खांदे, खांद्यांबरोबर कंबर, सगळं जागच्या जागी खिळायचं.

"बॉल विसरा," पोरगा म्हणाला. "डावा खिसा मागं न्या, डोंगराकडं."

नेला. आवाज वेगळाच आला, सुपारी फुटावी तसा. हाताला काहीच जाणवलं नाही. बॉल ढगांसमोर पांढरा ठिपका होऊन वर गेला आणि झेंड्याच्या डावीकडे, पंधरा-वीस पावलांवर गवतात पडला. आयुष्यात एवढं सरळ मी काही केलं नव्हतं. मी अवघडून तसाच उभा राहिलो, पोट निशाणाकडे, उजव्या पायाची टाच वर. पोरगा हसला नाही, फक्त बॅग उचलली.

पुढचे होल सांगत नाही. आणखी चार बॉल गेले, पाठीत उसण भरली, पाऊस आला. तसा फटका परत एकदाही बसला नाही. प्रत्येक वेळी खिसा आठवायचा तेव्हा बॉल कुठेतरी पोहोचलेला असायचा.

निघताना विचारलं, "पाग टाकायला कधी जातोस?"

"सुटीला. भरती बघून." मग माझ्या पांढऱ्या बुटांकडे बघत म्हणाला, "या ना काका, शिकवतो. फक्त ते काढून यायचं. चिखल मांडीपर्यंत असतो."