पगाराचा दिवस

आज पगार झाला. दालमिलच्या गेटबाहेर येईपर्यंत अर्धा गेलासुद्धा.

गेल्या महिन्यात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मोबाइलवरच्या एका अ‍ॅपवरून १०,००० घेतले. हातात आले ८,०००, बाकी 'प्रोसेसिंग' म्हणून आधीच कापले. पंधरा दिवसांत पूर्ण १०,००० भरायचे. मुदत वाढवली की पुन्हा पैसे, आणि मुद्दल जागच्या जागी. काल रात्री वहीत हिशोब मांडला, व्याज वर्षाला ६०० टक्क्यांच्या वर जातं! छातीत धस्स झालं.

पैशापेक्षा जिव्हारी लागलं ते वेगळंच. वसुलीवाल्याने माझ्या मामांना फोन केला. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कर्जाच्या अ‍ॅपने आपली कॉन्टॅक्ट लिस्ट उघडायचीच नाही. वसुलीचे फोनही सकाळी ८ ते संध्याकाळी ७ मध्येच. मला रात्री साडेदहाला येतात. सगळे स्क्रीनशॉट ठेवलेत, उद्या जळगावला सायबर पोलिसांकडे जातोय.

संध्याकाळी आईने कळण्याची भाकरी पुढ्यात ठेवली. मी नुसता तुकडा मोडत बसलो.

"काय व्हयनं रे भाऊ?"

सगळं सांगून टाकलं. ती रागावली नाही. उठली, पिठाच्या डब्यामागून बचत गटाचं पासबुक काढलं आणि काळा चष्मा वर सरकवून आकडा वाचू लागली. गटात महिना दोन टक्के व्याजाने कर्ज मिळतं. सोमवारी मीटिंग आहे.