कोऱ्या चौकटी

बस-बुकिंगच्या एका अ‍ॅपचं टेस्टिंग आमच्याकडे होतं. एकाच सीटचं तिकीट दोघांना गेल्याच्या तक्रारी अधूनमधून यायच्या, पण आमच्याकडे तसं कधी घडायचं नाही. सगळे टेस्ट केस पास. डेव्हलपर मंडळी नेटवर्कवर खापर फोडून मोकळी.

त्या दिवशी कागद घेऊन बुकिंगच्या अवस्था लिहिल्या: नवं, होल्ड (सीट ठरावीक वेळ राखून ठेवलेली), पेमेंट बाकी, कन्फर्म, रद्द, मुदत संपलेलं. मग घटना: सीट निवडली, पैसे भरायला घेतले, पेमेंट झालं, पेमेंट फसलं, रद्द केलं, वेळ संपली. कोणत्या घटनेनं बुकिंग एका अवस्थेतून दुसरीत जातं ते बाणांनी दाखवणारी आकृती काढली तर आठ बाण, आणि आठही आमच्या टेस्टमध्ये होतेच. आकृतीची हीच अडचण, नसलेला बाण तिच्यात दिसत नाही. म्हणून तेच तक्त्यात मांडलं, ओळींत अवस्था आणि रकान्यांत घटना. ३६ चौकटी, ८ भरल्या, २८ कोऱ्या. रिक्वायरमेंटमध्ये, म्हणजे अ‍ॅपनं काय करायचं ते लिहिलेल्या कागदांत, त्यांच्याबद्दल अवाक्षर नाही.

बऱ्याचशा कोऱ्या चौकटी बिनकामाच्याच असतात. पण 'मुदत संपलेलं' या ओळीत 'पेमेंट झालं'पाशी अडखळले. डेव्हलपरला विचारलं.

"अगं, वेळ संपल्यावर पेमेंट येईलच कसं?"

यूपीआयवर बँकेचं उत्तर कधीकधी उशिरा येतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

टेस्ट सर्व्हरवर होल्डची मुदत संपू दिली, तीच सीट दुसऱ्या नावावर बुक केली आणि पहिल्या बुकिंगचा यशस्वी कॉलबॅक, म्हणजे पेमेंट झाल्याचा निरोप, हातानं पाठवला. दोन्ही कन्फर्म! कोड बुकिंग आयडी शोधून सरळ 'कन्फर्म' लिहीत होता, आधीची अवस्था बघतच नव्हता. ती तपासायची आणि उशिरा आलेले पैसे परत करायचे, असं ठरलं.

मग हुरूप आला. एकेका बाणावर न थांबता लागोपाठच्या बाणांच्या जोड्याही चालवायच्या, ही कल्पना त्सुन चाउ यांच्या सॉफ्टवेअर टेस्टिंगवरच्या १९७८ च्या शोधनिबंधातली. 'पेमेंट फसलं' आणि 'वेळ संपली' सुटे ठीक होते. एकापाठोपाठ चालवल्यावर कळलं, पेमेंट फसलं की होल्डची मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. म्हणजे पेमेंट मुद्दाम फसवत राहायचं आणि गणपतीत कोकणच्या गाडीची सीट फुकटात अडवून ठेवायची.

"हा बग नाही, ग्राहकाची सोय आहे," मॅनेजर म्हणाले. बरीच वादावादी झाली. शेवटी मुदत पहिल्या होल्डपासूनच मोजायची ठरली, आणि उरलेल्या कोऱ्या चौकटींत काय व्हायला हवं ते लिहून द्यायचं काम मॅनेजरांकडेच गेलं.