सतरा-सी हातात पडेपर्यंत

7 मे 2024 ला लोकसभेचं मतदान संध्याकाळी सहाला संपलं. फॉर्म 17-सी, म्हणजे बूथवर पडलेल्या मतांचा हिशेब, त्याची नक्कल मला मिळाली तेव्हा पावणेनऊ वाजले होते. मधला वेळ बेळगावातल्या एका शाळेच्या वर्गात, पहिलीच्या पोरांच्या बाकावर गेला. पुढच्या खेपेला जे पोलिंग एजंट, म्हणजे बूथवरचे उमेदवाराचे प्रतिनिधी, म्हणून बसतील त्यांनी तेवढा वेळ घालवू नये.

फॉर्म 10 (एजंटाच्या नेमणुकीचा), पहाटेची हजेरी, मॉक पोल म्हणजे चाचणी मतदान, यात अडत नाही. मॉक पोलला किमान 50 मतं टाकतात. नंतर क्लोज, रिझल्ट, क्लिअर ही बटणं या क्रमानं दाबून मशीन रिकामं झालेलं डोळ्यांनी बघा. क्लिअर करायचं राहिलं तर ती मतं संध्याकाळच्या बेरजेत येऊन बसतात.

अडतं ते सहानंतर. रांगेतल्या शेवटच्या माणसापासून पुढं चिठ्ठ्या वाटतात. त्यांचं मतदान झालं की पीआरओ, म्हणजे मतदान केंद्राध्यक्ष, कंट्रोल युनिटचं (मतं साठवणाऱ्या यंत्राचं) क्लोज बटण दाबतात आणि एकूण आकडा दिसतो. मोबाइल आत नेता येत नाही, तेव्हा आकडा तिथल्या तिथं कागदावर उतरवा. मग 17-सीचा भाग 1 भरला जातो. निवडणूक संचालन नियमांतल्या 49-एस प्रमाणे त्याची खरी नक्कल, पोच घेऊन, प्रत्येक हजर एजंटाला द्यायची असते. ‘हजर’ हा शब्द महत्त्वाचा. चहाला म्हणून सटकलात की हक्क गेला.

गोम त्या पोचेत आहे. पेपर सीलवर सही, टॅगवर सही, डिक्लेरेशनवर सही, आणि त्याच गठ्ठ्यात नक्कल मिळाल्याची पोचही सरकवलेली असते. सही केली की कागदोपत्री तुम्हाला नक्कल मिळाली! मग पीआरओ कानडीत म्हणाले, ‘आमेल कोडतीनि’, नंतर देतो. झेरॉक्स नाही, बस उभी आहे, डी-मस्टरिंगला, म्हणजे यंत्रं जमा करायला, उशीर होतोय. माणूस लबाड नव्हता, दोन दिवस झोपला नव्हता. पण पोच मी हातात धरून ठेवली आणि नक्कल आल्याशिवाय सही केली नाही. त्यावर कुरकुर, मग सेक्टर ऑफिसरला फोन, मग नियमपुस्तिका शोधणं. शेवटी कोरा फॉर्म निघाला आणि हातानं लिहायला सुरुवात झाली.

तेवढ्यात बेरजेत एका मताचा फरक आला. एक मतदार रजिस्टरवर सही करून मत न देताच निघून गेला होता. त्याची नोंद कलम 3 मध्ये हवी. हिशेब असा: कलम 2 मधून 3 आणि 4 वजा केले की कलम 6 यायला पाहिजे. फॉर्म कानडीत असतो; वाचता येत नसेल तर कलमांचे क्रमांक पाठ करून जा.

एका कागदासाठी एवढा हट्ट कशाला, असं दुसऱ्या एजंटानं विचारलं. त्याचं उत्तर अडीच महिन्यांनी व्हेनेझुएलात मिळालं. 28 जुलै 2024 च्या निवडणुकीत तिथल्या निवडणूक आयोगानं तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मादुरो यांना विजयी ठरवलं, पण केंद्रवार आकडे दिलेच नाहीत. विरोधकांच्या बूथवरच्या माणसांनी मशीनमधून छापून निघालेल्या ‘आक्ता’, म्हणजे त्या बूथच्या निकालाचे कागद, जपल्या होत्या. ऐंशी टक्क्यांहून जास्त त्यांनी जगापुढं मांडल्या. निकालानंतरच्या निदर्शनांत वीसहून अधिक माणसं मेली, दोन हजारांवर अटकेत गेली. निवडणुकांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकेतल्या कार्टर सेंटरनं ही निवडणूक आंतरराष्ट्रीय निकषांत बसत नाही असं म्हटलं. त्या सगळ्या वादात विरोधकांच्या हातात होतं काय, तर बूथवरचे कागद. आपल्याकडं मशीन असा कागद छापून देत नाही, म्हणून तो मागून घ्यावा लागतो.

आणखी एक, आधीच सांगायला हवं होतं: दोन कार्बन पेपर आणि लिहायचं पॅड सोबत न्या. ते असतं तर माझं काम वीस मिनिटांत झालं असतं. नक्कलेवर पीआरओंची सही आणि हिरव्या पेपर सीलचे अनुक्रमांक आहेत ना, बघा. खानापूरकरांनो, जिल्हा बेळगाव असला तरी तुमचा लोकसभा मतदारसंघ उत्तर कन्नड. लेखी तक्रार बेळगावच्या डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसात नाही, कारवारला.

बाहेर पडल्यावर लगेच नक्कलेचा फोटो काढा, कार्बनची अक्षरं पुसतात. मूळ नक्कल मतमोजणीच्या एजंटाकडं, म्हणजे फॉर्म 18 वाल्याकडं द्या. टेबलावर मशीन आलं की त्यानं आधी कंट्रोल युनिटचा नंबर, मग सील, मग एकूण मतं जुळवायची, आणि जुळेपर्यंत रिझल्टचं बटण दाबू द्यायचं नाही.