तुम्ही विचारलंत म्हणून: खैऱ्याचा जिनोम वाचला, मग औषध का नाही?

पावसाळा लागला की फोंडा, डिचोलीकडच्या ओळखीच्यांचे फोटो यायला लागतात. लिंबाचं पान, त्यावर तपकिरी खरबरीत फोड, भोवती पिवळी कडा, आणि खाली ठरलेला प्रश्न: "ह्या जीवाणूचा अख्खा जिनोम वाचून झालाय म्हणता, मग अजून औषध का नाही?" प्रश्न अगदी रास्त आहे म्हणून एकदा नीट लिहिते. (जिनोम म्हणजे जीवाच्या डीएनएत रासायनिक अक्षरांनी लिहिलेला सगळा मजकूर.)

हा खैऱ्या, म्हणजे सिट्रस कँकर, जीवाणू झँथोमोनास सिट्री. कोवळी फूट, वारा आणि पाऊस हे तिन्ही त्याला आपल्या गोव्यात एकदमच मिळतात. फोड ओला झाला की जीवाणू पाण्यात उतरतो, थेंबांबरोबर शेजारच्या पानावर उडतो आणि पर्णरंध्रातून किंवा नागअळीने पोखरलेल्या जागेतून आत शिरतो. त्यात कागदी लिंबू ह्या रोगाला फार लवकर बळी पडतं, आणि परसात नेमकं तेच असतं.

त्याचा जिनोम ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केला, मुख्य गुणसूत्र जवळपास ५२ लाख अक्षरांचं आणि सोबत दोन छोटी प्लाझ्मिडं, म्हणजे डीएनएची सुटी कडी. खरी गंमत ह्या छोट्या प्लाझ्मिडांवर आहे, तिथे पीटीएचए नावाच्या जनुकाच्या चार प्रती आहेत आणि चौथी सगळ्यात घातक. तिच्यापासून बनलेलं प्रथिन जीवाणू थेट झाडाच्या पेशीत टोचतो, ते पेशीच्या केंद्रकात जातं, झाडाच्या डीएनएवर ठरावीक जागा शोधून चिकटतं आणि लॉब१ नावाचं झाडाचंच जनुक चालू करतं. घरात शिरलेल्या परक्याने आपल्याच बोर्डावरचा स्विच दाबावा तसं. मग तिथल्या पेशी फुगतात, वाढतात, फुटतात, आणि जीवाणू बाहेर पडायला मोकळा. म्हणजे तो फोड झाडाने स्वतःच वाढवलेला असतो! मला तर हे पहिल्यांदा कळलं तेव्हा झाडाची फार दया आली होती.

हे प्रथिन जागा कशी ओळखतं तेही २००९ मध्ये उलगडलं. त्यात एकामागोमाग एक सारखे तुकडे असतात आणि प्रत्येक तुकडा डीएनएचं एक अक्षर ओळखतो.

तर औषध का नाही ह्याचं उत्तर असं की जिनोमने फवारायचं औषध दिलंच नाही, त्याने झाडाची कमजोर जागा दाखवली. २०१७ मध्ये चीन आणि अमेरिकेतल्या गटांनी संत्रं आणि ग्रेपफ्रूटच्या झाडांत लॉब१ किंवा त्याच्या स्विचची जागा क्रिस्परने (डीएनए ठरावीक जागी कापून बदलायच्या तंत्राने) बदलली तेव्हा त्या झाडांवर रोग बराच कमी आला. माझ्या मते खरा मार्ग हाच, पण आपल्या कागदी लिंबाचं तसं कलम उद्या नर्सरीत मिळेल अशी आशा मी कोणाला दाखवणार नाही.

झाड तोडू का, असंही विचारतात. नको हो! फ्लोरिडात रोगट झाडाच्या १९०० फुटांच्या आतली सगळी लिंबूवर्गीय झाडं, चांगलीसुद्धा, तोडत होते, लोकांच्या परसातली पण, आणि वादळांनी रोग आणखी पसरवल्यावर २००६ मध्ये ती मोहीम सोडून द्यावी लागली. तुम्ही कोरड्या दिवसांत रोगट फांद्या छाटून जाळा, नवी फूट येताना एक टक्का बोर्डो मारा (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण; त्यातलं तांबं पानाच्या वरवरच काम करतं, आत शिरलेल्या जीवाणूला काही करत नाही), नागअळीवर लक्ष ठेवा आणि पानं ओली असताना झाडात हात घालू नका. डाग पडलेलं लिंबू खायला काही हरकत नाही, लोणचं खुशाल घाला.

आणि एक, कलम आणताना पानं उलटून बघा. मॉरिशसमध्ये १९३७ साली वाळवून ठेवलेल्या रोगट पानातून ह्याच जीवाणूचा जिनोम वाचला गेला, त्यावरून हिशेब लागला की हा रोग मॉरिशस आणि आसपासच्या बेटांवर १९व्या शतकाच्या मध्याच्या आसपास आशियातून गेला असावा. एवढा समुद्र पावसाच्या थेंबाने ओलांडला नाही, माणसांनी रोपांबरोबर नेला असणार. पानावर एक जरी फोड दिसला तरी ते कलम तिथेच ठेवा.