जुनी विजेवरची आगगाडी: आधी बूड बघा, मग भाव करा

देवळालीतल्या जुन्या बंगल्यांचे माळे रिकामे होताना ट्रंकेतून कधीकधी खेळण्यातली विजेवरची आगगाडी निघते. लगेच प्रश्न येतो, "किती येतील?" त्याआधी ती कुठली हे ठरवावं लागतं. इंजिनावरच्या नावापेक्षा रूळ आणि कपलिंग (डबे एकमेकांना जोडणारी कडी) त्याबद्दल जास्त खरं बोलतात.

दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं अंतर पट्टीने मोजा. ३२ मिलिमीटरच्या आसपास भरलं तर ओ गेज (गेज म्हणजे हेच अंतर). मधे तिसरा रूळ आणि गाडी जाडजूड असेल तर बहुधा अमेरिकेची लायोनेल. १६.५ भरलं तर इंग्लंडची हॉर्नबी डब्लो किंवा ट्रायअँग, नाहीतर जर्मनीची मर्कलिन. पत्र्याच्या बैठकीवर मधला तिसरा रूळ डब्लोलाही असतो आणि जुन्या मर्कलिनलाही, म्हणून बैठकीवरचं नाव वाचा. डब्लो लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीने १९३८ला आणली. तिचे दोन रुळांचे नमुने १९५९पासूनचे.

आपल्याकडे सापडली तर डब्लो सापडण्याचा संभव जास्त, म्हणून तिच्याबद्दल थोडं सविस्तर. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डब्लोचं कपलिंग म्हणजे स्प्रिंगच्या पोलादाची चपटी पट्टी. युद्धानंतरचं वेगळ्या घडणीचं, आडवं. नंबरही बोलतात. 'सर नायजेल ग्रेस्ली' नावाच्या इंजिनावर ४४९८ असेल तर नमुना युद्धापूर्वीचा, नुसता ७ असेल तर नंतरचा. ६९५६७ नंबरचं टाकीवालं छोटं इंजिन भरपूर निघालं होतं, त्यामुळे फार आशा धरू नका. तेच इंजिन युद्धापूर्वीच्या सदर्न किंवा ग्रेट वेस्टर्न या ब्रिटिश रेल्वेंच्या रंगात असेल तर गोष्ट वेगळी. खोक्यावर किंवा माहितीपत्रकावर १६/९५३/५० असा आकडा दिसला तर मधला भाग छपाईचा महिना-वर्ष (सप्टेंबर १९५३) आणि शेवटचा हजारांतल्या प्रती. पण खोकं १९५३चं म्हणून आतलं इंजिनही १९५३चं असं समजू नये. अदलाबदल सर्रास झालेली असते.

आता वीज. घरातल्या प्लगला जुना ट्रान्सफॉर्मर लावायचाच नाही. वायरीवरचं रबर हात लावताच गळून पडतं, आणि अमेरिकेतला ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० वर तो जळणार. डब्लो आणि ट्रायअँगला १२ व्होल्ट डीसी लागतो. करंट १ अँपिअरवर मर्यादित करता येईल असा बेंच सप्लाय (व्होल्ट कमीजास्त करता येणारं वीज पुरवण्याचं यंत्र) घ्या. तीन रुळांच्या डब्लोत एक चिमटा मधल्या रुळावरून वीज घेणाऱ्या पट्टीला, दुसरा चाकाला लावा आणि ३-४ व्होल्टपासून चढत जा. एसी दिलात तर मोटर नुसती गुणगुणेल आणि चुंबकाचं बळ उतरेल. लायोनेलची मोटर मात्र एसीचीच.

इंजिन मरगळलेलं चालतंय आणि करंट मात्र भरपूर खातंय, तर बहुतेक वेळा चुंबक कमजोर झालेलं असतं. पण तसं ठरवण्याआधी कम्युटेटर (मोटरच्या फिरत्या भागावरची तांब्याची चकती, जिला ब्रश टेकतात) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कार्बन ब्रश किती झिजलेत ते बघा. इथे एक धोका: जुन्या नालाकृती चुंबकातून आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) बाहेर काढताना चुंबकाच्या तोंडावर लोखंडाचा तुकडा आडवा ठेवावा लागतो, नाहीतर तेवढ्यातच त्याचं बळ घटतं. साध्या मोटरच्या कारागिराला हे ठाऊक नसतं, आणि सफाईनंतर गाडी आधीपेक्षा हळू धावते.

जस्ताच्या ओतकामात शिसं मिसळलं गेलं असेल तर वर्षानुवर्षं ते फुगतं आणि तडकतं. युद्धापूर्वीच्या चाकांवर, डब्यांच्या सांगाड्यांवर केसासारख्या भेगा दिसल्या तर तो रोग थांबत नाही. गोंद-पुट्टीवर पैसे घालवू नयेत. ट्रायअँगच्या सुरुवातीच्या डब्यांचं प्लास्टिक वाकतं. असा डबा गरम पाण्यात घालून सरळ करायला जाऊ नका, छप्पर अजून वाईट होतं.

मोल ठरतं ते मूळ रंगावर. ओरखडे असलेलं मूळ इंजिन नव्याने रंगवलेल्या चकचकीत इंजिनापेक्षा जास्त किमतीचं. सराफाकडे असतं तसं दहापट भिंग घ्या: स्क्रूच्या खाचेत रंग साचलेला दिसला की पुन्हा रंगवलंय. खोकं नकली आहे का हे नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली बघावं. आजचा कागद निळसर-पांढरा चमकतो, जुना मंद राहतो. (जिथे नोटा छापतात त्या नाशिकरोडला हा दिवा मिळायला अडचण नसावी!)

सुटं सामान लोक फेकतात, तेच चूक. सिग्नल, टर्नटेबल, टपाल डब्याच्या इवल्या थैल्या, कंट्रोलरच्या चाव्या यांनी संच पुरा होतो. विजेवर चालणारे सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) तपासताना बटण क्षणभरच दाबा. दाबून धरलं तर गुंडाळी जळते.

भाव बघताना लोक काय मागतात ते सोडा, लिलावात प्रत्यक्ष काय विकलं गेलं ते बघा, आणि त्याच अवस्थेतलं, त्याच नंबरचं. रंग उडालेलं, चुंबक उतरलेलं इंजिन सुटे भाग म्हणूनच धरावं. जूननंतर खोकी सिमेंटच्या भिंतीला टेकवू नका. एका पावसाळ्यात बुरशी चढते आणि खोक्यासाठी मिळणारे वरचे पैसे गेलेच.