आमची वाटचाल : कुडाळ एमआयडीसीतला कार्बन धागा

नमस्कार मंडळी, आमचं छोटं युनिट कुडाळ एमआयडीसीत आहे, आणि काम एकच, कार्बन फायबरवर सिरॅमिक कोटिंग. काजू प्रोसेसिंग टाक, लगेच लोन होईल, असं घरचे-दारचे सगळे सांगायचे, पण मला ह्या धाग्याचं वेड लागलं होतं. हवा नसेल तर हा 2000 डिग्रीच्या वर पण ताकद सोडत नाही, आणि हवेत मात्र 400-500 डिग्रीलाच जळायला सुरुवात होते, कार्बनचा गॅस होऊन उडून जातो. म्हणून वर सिलिकॉन कार्बाइड नावाचं सिरॅमिक चढवायचं, ते तापलं की त्यावर सिलिकाची पातळ काच धरते आणि ऑक्सिजन आत शिरत नाही.

आम्ही आधी धाग्यावरचं सायझिंग, म्हणजे कंपनीतून येतानाच चढवलेला पातळ लेप, काढतो, मग पॉलिमरच्या सोल्यूशनमधून तो ओढायचा, सुकवायचा आणि आर्गॉन गॅसमध्ये (ह्यात काही जळत नाही) 1000 डिग्रीच्या वर भाजायचा, की पॉलिमरचंच सिलिकॉन कार्बाइड होतं. 12के टोमध्ये, म्हणजे धाग्याच्या एका जुडीत, 12,000 तंतू असतात, एकेक जेमतेम 7 मायक्रॉनचा! सोल्यूशन जरा घट्ट झालं की शेजारशेजारचे तंतू चिकटतात, आणि असा टो बोटाभोवती वळवला की कट्‌कन मोडतो. बरेच कस्टमर म्हणतात दादा जाड मारा, पण जाड म्हणजे टिकाऊ नव्हे, कारण धागा लांबीत जवळजवळ प्रसरणच पावत नाही आणि सिलिकॉन कार्बाइड पावतं, मग थंड होताना थराला तडे जाणारच. त्यासाठी आत बोरॉनवाला थर देतात, त्याचं ऑक्साइड साधारण 450 डिग्रीला वितळतं आणि तड्यात भरतं.

पण हेच ऑक्साइड ओलावा ओढतं, आणि आपल्याकडे मिरग लागला की भिंतीसुद्धा ओल्या! त्यामुळे टेस्ट झालेलं सॅम्पल भट्टीतून थेट डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, जातं, बाहेर ठेवायचंच नाही. पावसात लाईट तर जातेच, तेव्हा आमची पोरं पहिला आर्गॉनचा फ्लोमीटर, म्हणजे गॅस किती वाहतोय ते दाखवणारा मीटर, बघतात, भट्टी पूर्ण निवेपर्यंत गॅस चालूच पाहिजे, नाहीतर गरम धाग्याला हवा लागली की संपलं.

2024 मध्ये इस्रोने पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्यासाठी कार्बन-कार्बन (कार्बनमध्येच बसवलेला कार्बन धागा) नॉझल, म्हणजे गरम गॅस बाहेर फेकणारं तोंड, बनवलं, त्यावर पण सिलिकॉन कार्बाइडचंच कोटिंग आहे, वजन कमी झाल्याने पेलोड 15 किलोपर्यंत वाढू शकतो म्हणे. त्यात आमचा हात नाही, पण बातमी वाचून शॉपमध्ये सगळ्यांना पेढे वाटले.

सध्या दोन थरांच्या ट्रायल चालू आहेत. कुणाला आपला टो तपासून हवा असेल तर थोडासा पाठवा, हवेत तापवण्याआधीचं आणि नंतरचं वजन लिहून परत देतो.